मेघनाच्या सायकलचा मागचा शॉक

१० नोव्हें., सोम.
सूनबाईच्या, म्हणजे मे.च्या, खांद्याचा पट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला हरकत नाही. ती सरळ आत निघून गेली. व्हरांड्यात ती डोंगरावरची अजस्र सायकल उभी, मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकमधून तेल गळतंय, फरशीवर डाग. मला ही सायकल कधीच पसंत नव्हती, हे नोंदवून ठेवते. पण पडल्यापासून तिने सायकलकडे बघितलंही नाही, हे त्याहून नापसंत.
चिरंजीव अमितचं म्हणणं, विकून टाकू. बायको पडली, सायकल विका. स्वतः स्कूटरवरून दोनदा पडला. स्कूटर आहे अजून.

१२ नोव्हें., बुध.
जेवताना विषय मीच काढला. शॉक दुरुस्त होणार नाही, नवा घ्यायला हवा. हवेचा की स्प्रिंगचा? अ. म्हणे, हवेचा घे ना यार, हलका असतो, चढावर बरा. पडण्याआधी मे.ने यातला फरक मला समजावला होता, भाजी निवडता निवडता: लांब दगडी उतारावर हवेचा शॉक तापतो आणि वागणं बदलतो, स्प्रिंगचा जड, पण वरपासून खालपर्यंत एकसारखा. तेव्हा तिला स्प्रिंगच हवी होती. आज विचारलं तर म्हणाली, "कुठलाही चालेल, आई."
कुठलाही चालेल! या मुलीने आजवर भेंडीसुद्धा एकेक मोडून घेतली. नवरा स्वतः निवडला (त्या निवडीबद्दल माझं मत वेगळं). मला हे 'चालेल' अजिबात चालणार नाही.

१५ नोव्हें., शनि.
दुकानात गेलो, तिघं. दुकानवाला अ.शी बोलतोय, जणू सायकल तोच चालवणार. "भाभीजी के लिए ना? हल्की स्प्रिंग दे देता हूँ." मी विचारलं, स्प्रिंग कशावर ठरते? म्हणे, वजनावर. मग वजन विचारलंत का?
बिचारा जमिनीकडे बघायला लागला. "लेडीज से वजन कैसे पूछें, आंटीजी. अंदाज से कर देते हैं."
"आणि जुन्या शॉकमध्ये हवा भरलीत ती?"
"वो भी अंदाज से. पचपन किलो के आसपास मान के."
पंचावन्न! म्हणून बेटम्याच्या टेकडीवर उडी घेताना हवा कमी पडून शॉक तळाला जाऊन आपटला आणि मे. हँडलवरून फेकली गेली. तेव्हापासून ती समजतेय, आपल्याला उडी जमत नाही, वय झालं. आणि कारण काय, तर या गृहस्थांचा संकोच. मला शाळेत नन्सनी शिष्टाचार शिकवले, पण त्यात कुणाचा खांदा निखळवणं नव्हतं.
मे. शेजारीच उभी होती.  कानशिलं लाल.

१७ नोव्हें., सोम.
वजन सगळ्या सामानासकट लागतं म्हणे. घरचा काटा माझं आणि अ.चं वजन एकच दाखवतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मे.ला हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाठीवर पाण्याची पिशवी, सगळं चढवायला लावलं आणि नेलं कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीवर.
"आई, सगळ्यांसमोर?"
"मग काय अंधारात?"
चक्कीवाल्याने सवयीने मोठ्यांदा आकडा सांगितला, "चौहत्तर किलो." मग वर बघितलं. "पिसवाना है, आंटीजी?"
रांगेतल्या बायका पदरात हसल्या. मे. काट्यावरच बसली हसत हसत. किती दिवसांनी. येताना रस्त्यात आपणहून म्हणाली, "स्प्रिंगचाच घेऊ या."

२१ नोव्हें., शुक्र.
चौऱ्याहत्तरच्या हिशेबाची जाड स्प्रिंग बसली. दुकानवाला आता माझंही वजन विचारेल असं वाटलं.
संध्याकाळी व्हरांड्यात मापन. मे. भिंतीला हात टेकून पेडलवर उभी, मी खाली, शाळेतली स्टीलची पट्टी घेऊन, शॉक किती दबतो ते बघायला. अ. वरून म्हणतो, अंदाजे तर ठीक दिसतंय. त्याला चहा करायला पाठवलं. पट्टी वाचताना डोळा समोर हवा. तिरकं बघणाऱ्याला तिरकंच दिसतं. अपेक्षेइतकंच दबतंय. दोनदा बघितलं. मे. हळूच म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी चुकले नव्हते?"
मी म्हटलं, "ते मला काय माहीत. ते टेकडीला विचार."

२३ नोव्हें., रवि.
बेटम्यापुढची तीच टेकडी. दगडावर बसून लिहितेय. अ. गाडीजवळ, तोंड पाडून.
मे. उडीच्या काठापर्यंत दोनदा आली आणि ब्रेक लावून थांबली. मी काही बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला माहीत. दुसऱ्यांदा खाली येऊन माझ्याकडचं पाणी प्याली.  म्हणाली, "आई, आता तुम्ही तिकडे तोंड करून बसा ना. प्लीज."
"तिरकं बघायची मला सवय नाही. जा."
गेली. सायकल ढकलत, सावकाश. वर पोचली. वळवतेय. अ. उठून उभा राहिला.
पेन बंद करते.