आत्याच्या बांधावरची निरगुडी

८ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. पुढे कुणी तरी छापेलच. निरगुडीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात का, या पीएचडीचं आठवं वर्ष, पण यंदा नक्की. निरवांगीला दगडाबाई आत्याच्या डाळिंबाच्या बांधावरून निरगुडीची दोन किलो पानं आणली. शास्त्रीयदृष्ट्या हीच जागा योग्य. शिवाय आत्या जेवल्याशिवाय सोडत नाही. तिच्या छातीत गाठ निघालीय, कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, केमो लगेच सुरू करा. मी म्हणालो, घाई नको, माझा निकाल येऊ द्या.

२४ जुलै, बुधवार
पुण्याच्या लॅबचा मेल. आपल्या अर्कानं कॅन्सरच्या ब्याण्णव टक्के पेशी मेल्या. दोनदा वाचलं. आनंद होईल असं वाटलं होतं. चहा घेतला.
स्वराली, माझ्याकडे प्रोजेक्ट करणारी एमएस्सीची मुलगी, म्हणाली, सर, दुसऱ्या गावचीही पानं पाठवून बघू. हल्लीच्या मुलांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

२५ जुलै
आत्याला फोन. त्याच पानांचा काढा, रोज सकाळी अर्धा पेला. तिच्या मुलानं, दिग्विजयनं, केमोच्या तारखेचं विचारलं. पुढे ढकल म्हणालो. रद्द कर असं म्हणालो नाही. फरक आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झेंडावंदनानंतर प्राचार्यांनी माझा सत्कार केला. फेटा बांधला. आज थीसिसचं चौथं प्रकरण संपवायचं होतं. फेटा काढावासा वाटेना, आणि फेट्यात लिहिता येत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार
स्वरालीनं परस्पर कऱ्हाटीच्या माळावरची पानं पाठवली होती. निकाल आला. पेशी ठणठणीत. कऱ्हाटीच्या निरगुडीलाच पाणी कमी पडत असणार.
तिनं विचारलं, निरवांगीच्या बागेत फवारणी चालू होती का? बाग म्हटली की फवारणी आलीच. पानं मी धुतली होती. बहुतेक.

११ सप्टेंबर, बुधवार, दुपारी ४
लॅबनं पहिला अर्क पुन्हा तपासला. त्यात कीटकनाशक निघालं. पेशी त्यानंच मेल्या.
चौथं प्रकरण थोडं बदलावं लागेल.

त्याच दिवशी, ४.२०
आत्या त्याच बांधावरची पानं उकळून पितेय. दीड महिना.
उकळल्यावर जात असेल.
फोन हातात घेतला. लावला नाही. प्रत्यक्ष सांगितलेलं बरं. उद्या जातो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
काल कॉलेजात मीटिंग होती. आज गेलो.
आत्या ओट्यावर लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, “त्या बांधावर आमी शेरडं बी सोडत न्हाय, बाळा. काढा रोज ओतून द्यायची मी.”
आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाली, तुला म्हाईत आसंल म्हणलं.
मला हायसं वाटलं. पण तेवढ्यात दिग्विजयनं हळूच सांगितलं, गाठ वाढलीय, काखेतही लागतेय. मी विचारलं, मग केमो का नाही घेतलीस, आत्या?
“तू थांब म्हणलास न्हवं. घरात तुझ्यावाणी शिकलेलं दुसरं कोण हाय?”
काहीच वाटेना मला. त्याचीच भीती वाटली.
निघताना तिनं विचारलं, “मंग आता जाऊ का दवाखान्यात?”
मी जा म्हणालो.