तारखेची मोकळी जागा

मानवत, शनिवार, जून १९८३

खाजगी शाळांतल्या शिक्षकांनो, नोकरी देतानाच संस्था आपल्याकडून बिनतारखेचा राजीनामा लिहून घेते. पूर्ण्यातल्या उद्याच्या भाषणाची सुरुवात ही ठरली. पुढे आजचंच सांगावं का?

आमच्या शाळेतल्या सुमनबाई विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेत दिसल्या, एवढ्यावरून संस्थेचे सेक्रेटरी अण्णासाहेब यांनी आज सगळ्या शिक्षकांसमोर त्यांचा तो कागद बाहेर काढला. तारखेची मोकळी जागा ताज्या शाईनं भरलेली. मी बोलायला उठलो, तर बाईंनी हातानंच मला बसवलं.

"अण्णासाहेब, कायद्यानं राजीनाम्यावर तारीख मीच टाकायची अन् रजिस्टर पोस्टानं मीच धाडायचा. पोस्टाची पावती दाखवा."

"बाई, लय शिकलात तुमी."

"शिकवायलाच ठेवलंय ना मला?"

अण्णासाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. बाई पुढच्या तासाला वर्गावर गेल्या. हा कायदा मीच त्यांना समजावला होता, तासभर हातवारे करून. त्यांनी तो दोन वाक्यांत वापरला. संध्याकाळपासून ऊर भरून येतोय.

तेव्हा उद्या लांबण लावायची नाही. एवढंच सांगायचं: सोमवारी शाळेत गेल्यावर, तारखेची जागा मोकळी सोडून सही केलेला तो कागद आधी परत मागा.