साचा काढायचा दिवस

ती. बाबांना नमस्कार, आणि दुखऱ्या गुडघ्याला वेगळा.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोप जरा कमी, एवढंच.

तुम्ही विचारलंत, गणितात रोज करतेस काय? तुमचंच काम, बाबा. तुम्ही आधी कमानीचा लाकडी साचा उभारता, मग त्यावर दगड रचता, आणि शेवटी साचा काढला की कमान स्वतःच्या बळावर उभी राहते. मीही शेवटचं उत्तर आधीच खरं धरलं आणि तीन वर्षं त्याच्या आधाराने एकेक पुरावा रचला.

सोमवारी इथल्या सगळ्या गणितज्ञांसमोर साचा काढायचाय, म्हणजे ते उत्तर आधी न धरताही सगळं उभं राहतं हे दाखवायचंय. एक दगड हलतोय असं उगाच वाटतं.

साचा निघताना तुम्ही मुद्दाम कमानीखाली उभे राहायचात. आई घाबरली की म्हणायचात, "ताट वाढ, आलोच."

सोमवारी खाली मी असेन. आईला म्हणावं, ताट वाढ, आलेच.

तुमची,
धाकटी गवंडीण