शंभरातले एक्केचाळीस आणि माझे हुंदके

जुने शहर, अकोला
९ जून २००९

आदरणीय रहीम मामू,

आदाब. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर उपाशीपोटी किती आली, तो आकडा कळवावा. (‘बरी आहे’ हा आकडा नव्हे.) इकडे अम्मी ठीक आहेत. मीही ठीक आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण रविवारची पुरवणी वाचून तुमचा समज वेगळा झाला असेल.

तुम्ही दुकानात ज्यांचा पंप दुरुस्त केला, त्यांचा मुलगा केयूर अमरावतीच्या पेपरात आहे आणि आपली भाची ब्लॉग लिहिते हे तुम्हीच त्याला सांगितलंत. याबद्दल माझी तक्रार नाही. मी मुलाखतीला हो म्हटलं ते एकाच कारणानं. तुम्ही पेरणीसाठी सोयाबीनच्या ज्या पिशव्या आणल्या, त्याच लॉटचं बियाणं चांदूरच्या निम्म्या लोकांनी घेतलंय. तुम्ही पाठवलेल्या मूठभर बियांची मी तीनदा उगवण तपासली. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, सातव्या दिवशी अंकुर मोजायचे. एक्केचाळीस, त्रेचाळीस आणि चाळीस आले. निदान सत्तर हवेत. पाऊस आला की लोक पेरतील आणि एकदा पिशवी फोडली की दुकानदार ती परत घेणार नाही. हे मी ब्लॉगवर लिहिलं होतं, पण ब्लॉगला वाचक पाच. (त्यांत तुम्ही दोनदा मोजले गेलात, कारण तुम्ही दोन वेगळ्या कॅफेंतून वाचता.) पेपरचे वाचक जास्त असतात, एवढाच माझा हिशेब होता.

केयूर आणि त्याचा फोटोग्राफर आले. लिहिताना काय वाटतं, हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मोजणी दोनदा झालेली असली तर बरं वाटतं. घरून परवानगी कशी मिळाली, असं त्यानं अम्मींना विचारलं. अम्मी म्हणाल्या, ‘मांगतली असती तं देली असती.’ हे त्यानं लिहून घेतलं नाही. मग मी त्याला लॉटचा क्रमांक आणि तिन्ही आकडे सांगितले, ते मात्र त्यानं वहीत उतरवले. म्हणून मी जवळजवळ निश्चिंत झाले. ही माझी चूक.

फोटोग्राफरला मी चुलीजवळ हवी होते. माझा संगणक बाहेरच्या खोलीत आहे आणि गॅसवर मला फक्त चहा येतो, हे सांगून पाहिलं. शेवटी, आत उजेड कमी पडेल असं मी म्हटल्यावर बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसायचं, पण हातात लाटणं धरायचं, असं ठरलं. लाटणं शेजारच्या शकुनकाकूंकडून आणलं. आमचं सापडेना.

लेखाचं नाव तुम्ही पाहिलंच आहे, ‘उंबरठ्याआडचे हुंदके’. माझ्या ब्लॉगवर एकशे बारा नोंदी आहेत. मी सगळ्या पुन्हा वाचल्या. हुंदका सापडला नाही. लॉट क्रमांक लेखात नाही, आकडे नाहीत, सोयाबीन हा शब्दही नाही. त्याऐवजी, ‘तिच्या शब्दांना अंकुर फुटतात’ असं वाक्य आहे. (टक्केवारी दिलेली नाही.) त्याच्या आदल्या रविवारी याच केयूरनं अमरावतीच्या मोरोपंत नावाच्या गृहस्थांवर लिहिलं होतं. ते ब्लॉगवर एसटीच्या वेळा देतात. त्यांना ‘अभ्यासक’ म्हटलंय आणि वेळापत्रक अख्खं छापलंय. त्यांच्या हातात लाटणं नाही. त्यांना घरून परवानगी कशी मिळाली, याचाही उल्लेख नाही.

सोमवारी सकाळी शकुनकाकू लाटणं न्यायला आल्या आणि दारातच बसल्या. ‘काऊन वं नगमा, तुले एवढं दुःख हाय तं सांगतलं काऊन नाही? आमी का मेलो होतो?’ मी म्हटलं, काकू, दुःख नाही, उगवण कमी आहे. त्यावर त्या अम्मींकडे वळून म्हणाल्या, ‘पाह्य, पोरगी लपवून राह्यली.’ जाताना वाटीभर शिरा ठेवून गेल्या.

आता ब्लॉगला दोनशे चाळीस वाचक आहेत. ‘ताई, रडू नका’ असं एकोणीस जणांनी लिहिलंय. दोघांनी बिर्याणीची कृती मागितली आणि परतवाड्याच्या एका गृहस्थांनी स्थळ म्हणून स्वतःची जमीन, ओलिताची आणि कोरडवाहू अशी वेगळी करून कळवली. सगळ्या पत्रांत तेवढीच काय ती नेमकी माहिती. उगवणीबद्दल कुणीही विचारलेलं नाही. केयूरला मी फोन केला. तो म्हणाला, आकडे रुक्ष वाटले म्हणून वरिष्ठांनी काढले, पण फोटो फार छान आलाय.

मामींनी कळवलं की तुम्ही तो लेख फ्रेम करून दुकानात लावलाय आणि वाटायला पंचवीस प्रती आणल्यात. विनंती आहे की फ्रेम उतरवावी.

मामींना सलाम.

तुमची
नगमा

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी फोटो भिंगातून पाहिला. फ्रेम उतरवू नये. माझ्या डाव्या कानामागं भिंतीवर कॅलेंडरची कोरी पाठ आहे. तिच्यावर जाड पेनानं लिहिलेलं ‘लॉट ३१७ : १०० पैकी ४१’ स्वच्छ वाचता येतं. ते कॅलेंडर तिथं आपोआप आलं नव्हतं. केयूर वहीत आकड्यांपुढे फूल काढत होता, तेव्हाच मी ते आतल्या खोलीतून आणून खिडकीजवळच्या खिळ्याला उलटं लावलं. स्वयंपाकघरात उजेड पुरेसा होता.

पुन्हा ता. क. त्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल करून फ्रेम गल्ल्यासमोर, नजरेच्या उंचीवर टांगावी. लॉट ३१७ ची पिशवी कुणीही फोडू नये, आजच परत न्यावी. दुसऱ्या लॉटवाल्यांना पुरवणीची एकेक प्रत द्यावी. कागद ओला करून त्यात शंभर बिया गुंडाळायला सांगावं. माझा चेहरा आतल्या बाजूला आला तरी चालेल. त्या शाईनं उगवणीत फरक पडत नाही. मागच्या तिन्ही चाचण्या मी याच पुरवणीच्या जुन्या अंकांत केल्या होत्या.