स्ट्रेचर नव्हे, वन्सं

पूनम सागर, मीरा रोड
ता. २७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या भावजयीचा, सुलूचा, वाकून नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. सूरजचं ऑफिस लांब गेलं, तो उजाडताच निघतो. सूनबाई त्याच्याही आधी. आरोही कॉलेज आणि क्लास करून दिवे लागल्यावर येते. दिवाळीच्या चकल्या छान खुसखुशीत झाल्या, पण निम्मा डबा तसाच आहे. खायला माणूस घरात तर पाहिजे ना.

आधी आनंदाची बातमी सांगते. माझी टाच सुटली वन्सं. सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, भिंत धरधरून मोरीपर्यंत जायचे. आता काही न धरता उतरते आणि जाते. गेल्या आठवड्यात खाली जाऊन स्वतः कोथिंबीर आणली. भाजीवाला म्हणाला, "आजी, बहुत दिन बाद?" म्हटलं, "पाँव रूठा था, मान गया."

औषध कसलंच नाही, फक्त व्यायाम. सिल्व्हर पार्कात एक दवाखाना आहे, तिथे जेसिका म्हणून उत्तनची पोरगी शिकवते. तळपायाचा पट्टा आखडलाय म्हणाली. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि भिंत ढकलायची. मी म्हटलं, भिंत पडली तर सोसायटीवाले भांडतील. तर हसून म्हणते, "आजी, ताण बसला पायजे, कळ न्हाय." आणि उठायच्या आधी अंथरुणातच पायाच्या बोटांना टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढायचा.

ती म्हणाली, तेवढा वेळ मनात आकडे मोजा. माझी शाळा चौथीची, आकडे मध्येच सांडतात. मग मी आपल्या वाडीतली घरं घेते. वरच्या आळीपासून सुरू करते, एकेका घरात कोण कोण ते आठवते, तुमच्या पडवीपर्यंत पोचले की पाय सोडते. कुलपं लागलेली घरं पटकन संपतात, म्हणून त्यांतली गेलेली माणसंही आठवते. हात भिंतीला असतात ना, तेव्हा पलीकडच्या गुजराती बाईंचा मिक्सर तळव्यांना कळतो. दुपारी मिक्सर लागला की व्यायाम नसला तरी मी भिंतीशी जाते. हे कुणाला सांगू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि मला धीर होत नाही.

त्या दिवशी तुमचा नीलेश फोनवर म्हणाला, "मामी, पायाचं काय?" जेसिकाने सांगितलेला शब्द मी घरी येईस्तोवर विसरले होते, जो तोंडात आला तो बोलले. म्हटलं, "स्ट्रेचर चालू आहे रे."

"स्ट्रेचर? कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. सकाळ-संध्याकाळ असतं."

त्याने तुम्हाला हाक मारून सांगितलं. मग तुम्ही फोन घेतलात आणि ओरडून म्हणालात, "सुले, मी येते. मी येईस्तो स्ट्रेचरवरून खाली उतरू नको."

मला वाटलं, वन्सं थट्टा करतायत. आरोहीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आजी, स्ट्रेचिंग गं. स्ट्रेचरवरून पेशंट नेतात." लगेच नीलेशला फोन लावायला निघाली. मी म्हटलं, राहू दे, मी सांगते. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी रात्रीच्या गाडीचं तुमचं तिकीट काढलं असं नीलेशने कळवलं, तरी मी सांगितलं नाही.

का, ते तुम्ही ओळखलंच असेल. हे होते तेव्हा किती बोलावलं तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, गावचं घर टाकून भाऊ खुराड्यात गेला, ते बघायला मी येणार नाही. हे गेले तेव्हाही गावीच भेटलात. आणि आता एका चुकीच्या शब्दाने "येते" म्हणालात. तो शब्द पुसायला माझा हात उठला नाही. दोन खोल्या आवरल्या, तुमच्यासाठी वेगळी उशी आणली, अभ्रा शिवला. पण तुम्ही एवढ्या लांब रडत रडत याल आणि दार मीच उघडीन, ते बरं दिसणार नाही.

तर वन्सं, मी कुठल्याही स्ट्रेचरवर नाही. धडधाकट आहे. हे वाचून नीलेश म्हणेल, मामी बरी आहे, मग कशाला जायचं? त्याचं काही चुकणार नाही. आजाऱ्याकडे सगळेच जातात. बऱ्या माणसाकडे जायला कारण सापडत नाही. मलाही दुसरं कारण सापडलं नाही, खूप शोधलं.

सोमवारी सकाळी गाडी काशीमिऱ्याच्या नाक्यावर थांबते. सूरजला पाठवणार नाही, मीच येईन, हळूहळू चालत. पुलाखाली उभी राहीन. तुम्ही उतरला नाहीत तर मनात काही धरणार नाही, तशीच चालत घरी येईन. उतरलात तर पिशवी माझ्याकडे द्यायची, मी बरी आहे.

तुमच्या "येते"वर विसंबलेली,
सुलू