मेकॅनिक नको होता

डोंगरपाडा, ता. तलासरी
३ फेब्रुवारी

प्रिय रूपेश,

आधी विचारायचं ते विचारून घेते. बरा आहेस ना, जेवतोस ना वेळेवर? आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण भांडायला बसली की दुखायचा थांबतो.

हे पत्र झिपरूभाऊच्या हातात देतेय. तो सकाळी कंपनीची बस घेऊन वापीला जातो, उद्या तुला गेटवर गाठेल. घरात मोबाइल असताना पत्र कसलं, असं विचारत होता. त्याला म्हटलं, तू बस चालव.

खरं कारण तुला ठाऊक आहे. फोन लागला की तू 'हॅलो' म्हणतोस आणि लगेच 'मग काय ठरवलंस?' विचारतोस. मग मी चिडते, मग तू चिडतोस, मग आई आतून विचारते काय झालं, आणि दोघंही 'काही नाही' म्हणून फोन ठेवतो. लिहिताना निदान माझं वाक्य तू मध्येच तोडू शकत नाहीस.

तर काम असं आहे की दुकानातला कॉम्प्युटर चालू होत नाही. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, डब्यातला पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. 'नो सिग्नल' अशी पट्टी थोडा वेळ इकडून तिकडे फिरते आणि मग तीही झोपते. आतून टूं... टूं... असा लांब आवाज येतो. थांबतो, परत येतो. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, दुसऱ्या प्लगवर लावून पाहिलं, मॉनिटरची केबल दोन्हीकडून घट्ट केली. शेजारची गंगी म्हणाली उदबत्ती ओवाळ. तेही केलं. हसायचं असेल तर हस.

मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडते, झाडते, खुर्चीवर बसते, बटण दाबते, उठते, दारात जाऊन रस्त्याकडे बघते, परत येऊन दाबते. पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म अडकलेत. ठकीआजी हयातीच्या दाखल्यासाठी रोज येऊन पायरीवर बसते. दाखला गेला नाही तर तिची पेन्शन बंद होईल, म्हणजे सरकारच्या लेखी ती मेलीच. मी तिला रोज सांगते, आजी, उद्या. ती म्हणते बरं, आणि तरी दुपारपर्यंत हलत नाही.

डहाणूचा तो क्लास बंद झाला तेव्हा त्यांचे मोडके कॉम्प्युटर आणून त्यातून हा एक तू उभा केलास. त्याचं दुखणं तुलाच कळणार. एक दिवस रजा काढून येतोस का? व्हिडिओ कॉलवर दाखव असं म्हणशील, तर नको. तू माझं तोंड बघितलंस की मला धड काही सांगता येत नाही.

वापीच्या मोठ्या खोलीचं मी होळीपर्यंत सांगते म्हटलंय. मग होळीपर्यंत थांब. मी दुकान बंद करून तिकडे यायचं की नाही, हे चहा पिता पिता ठरवण्यासारखं नाही. गेल्या आठवड्यातल्या धक्क्याचं म्हणशील, तर ते तुला फोनवर सांगितलंच आहे. इथली जमीन हलते, आपल्याला काही नवीन नाही. भिंतीची चीर जुनीच आहे.

जमलं तर ये. नाही जमलं तर काय करायचं ते तरी लिही.

योगिता


डोंगरपाडा
१० फेब्रुवारी

प्रिय रूपेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन्ही बाजूंनी लिहिलीस, आकृतीसुद्धा काढलीस. लग्नाआधी एवढं लांबलचक कधी लिहिलं नव्हतंस. वाचून दाखव म्हणून आई मागे लागली, तर 'रॅमची पट्टी काढ' इथपासूनच सुरुवात करावी लागली, कारण त्याच्या आधी तू काही लिहिलंच नव्हतंस.

सांगितलंस तसं सगळं केलं. वायर काढली, बटण थोडा वेळ दाबून धरलं, डब्याची बाजू उघडली. आत जाळी, भाताच्या तुसाची धूळ आणि पालीची अंडी. ती बाहेर ठेवली. पट्टी शोधली, दोन्ही टोकांचे चिमटे उघडून काढली. तिचे सोनेरी दात काळे पडले होते. गंगीच्या पोरीचा खोडरबर आणून घासले, फडक्याने पुसले, दुसऱ्या खाचेत बसवून टक् आवाज येईपर्यंत दाबली. आई बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "कोंबडी साफ केल्यावानी करतंस."

मग बटण दाबलं. तसाच आहे. तुलाच यावं लागेल.

तू चिठ्ठीत शेवटी विचारलंयस, डबा पडला होता का, खरं सांग. पडला नव्हता, आपटला होता. धक्का बसला तेव्हा मी घरात भात ठेवत होते. मांडणीवरची भांडी खाली आली, कौलं खडखडली, सगळे अंगणात पळाले. मीही पळाले. आणि अंगणात पोचल्यावर परत वळून दुकानात घुसले, वायरी उपटल्या आणि डबा कडेवर घेऊन बाहेर आले. येताना उंबऱ्याला कोपरा लागला. तोवर जमीन शांतसुद्धा झाली होती. मी आपली अंगणात डबा घेऊन उभी, आणि सगळा पाडा माझ्याकडे बघतोय.

आई तेव्हापासून येईल त्याला सांगते, "सून माला सोडून डब्बा काढाया गेली." ती माझ्याही आधी बाहेर पोचली होती, गुडघ्यासकट, हे मात्र कुणाला सांगत नाही.

का गेले असं तू विचारशील. दुकान चाललं पाहिजे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण तुला खोटं कशाला सांगू? दुकानाचा विचारही मनात आला नव्हता. तुझ्या हातची इथे ती एकच वस्तू आहे. ती गेली तर तुला इकडे यायला काही कारणच उरणार नाही, असं वाटलं. त्या वेळी एवढंच सुचलं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. 'लागलं नाही ना?' हे तुझं पहिलं वाक्य होतं, ते मी विसरलेले नाही. दुसरं होतं, 'म्हणून सांगतो, सोड ते आणि इकडे ये.' मी तिसऱ्याची वाट बघत राहिले. 'मी येतो' असं काहीतरी. तू म्हणालास, बॅलन्स संपतोय.

आम्ही दोघी अजून अंगणातच झोपतो. थंडी आहे, पण चालतं. जरा कुठे पत्रा वाजला की मी उठून बसते.

झिपरूभाऊ सांगत होता, बसमध्ये जागा आहे. आपल्या पाड्यातली पोरं रोज जातात आणि रोज घरी येतात. तू शिफ्टचं कारण देतोस. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

या रविवारी ये. डबा उघडाच ठेवलाय.

योगिता


डोंगरपाडा
१७ फेब्रुवारी

रूपेश,

रविवारी मी केस धुतले होते. कोंबडी केली होती. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तेव्हा आई माझ्याआधी दारात गेली. बघते तर नरपडचा जतीन, पाठीला मोठी बॅग. म्हणाला, "वहिनी, रूपेशभाईने पाठवलंय. कॉम्प्युटर बघायला."

तू मेकॅनिक पाठवलास.

बिचाऱ्याचा काही दोष नाही. रविवार असून नरपडहून इतक्या लांब आला, पाणीही न पिता आधी दुकानात गेला. मी म्हटलं जेवून घे, मग बघ. नाही म्हणाला. मी म्हटलं आता लाइट नाही. वर पंखा फिरत होता. ठकीआजी पायरीवर बसलेली होतीच, रविवार आहे हे तिला कोणी सांगत नाही. जतीनने डब्याची बाजू लावली, वायर जोडली आणि बटण दाबलं. चालू झाला. एका दमात. स्क्रीनवर तो हिरवा डोंगर आला, कोपऱ्यात तारीख, सगळं जागच्या जागी.

जतीनने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, हा तर चालू आहे."

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला घेतली.

ठकीआजी पायरीवरून उठून आत आली. "झाला? कवा झाला?" मी मान खाली घातली. तिला काय कळायचं ते कळलं. म्हणाली, "मंग माला कया फिरवलंस गं इतके दीस?" ओरडली नाही. तिथेच बसून अंगठा पुढे केला. तिचा अंगठा मशीनवर उमटेना, घासून घासून रेषाच गेल्यात. पुसून पुन्हा, पुसून पुन्हा. शेवटी उमटला. ती आता वर्षभर जिवंत आहे. मला मात्र तिच्याकडे बघायची लाज वाटली, अजून वाटते.

हो, खोडरबर फिरवल्यावर पहिल्याच फटक्यात कॉम्प्युटर चालू झाला होता. दुसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. चालू झालेला मी बंद केला आणि लोकांना उद्या या, उद्या या करत राहिले. जतीन निघताना म्हणाला, रूपेशभाईला काय सांगू? म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी लिहिते.

म्हणून लिहिते. आणि आता लिहितेच आहे तर सगळंच लिहिते.

तू शिफ्टसाठी वापीला राहिला नाहीस. गेल्या वर्षी त्या मोठ्या धक्क्यात तुझ्या उशाची भिंत ढासळली. उशीवर विटा पडल्या आणि तू पाणी प्यायला उठला होतास म्हणून वाचलास. त्यानंतर तू या घरात धड झोपला नाहीस. बसल्या बसल्या जमिनीला हात लावून बघायचास, कुणी बघत नाही ना हे आधी बघून. मग अचानक शिफ्ट अवघड झाली, बस गैरसोयीची झाली, आणि तू खोली घेतलीस. मी ओळखलं होतं. आईनेही ओळखलंय. आम्ही दोघी एकमेकींना 'शिफ्टच तशी आहे' असं सांगतो.

मी बोलले नाही, कारण बोलले तर तुला लाज वाटेल आणि तू अजिबातच येणार नाहीस. म्हणून कॉम्प्युटर आजारी ठेवला. म्हटलं दुरुस्तीच्या निमित्ताने येईल, एक रात्र राहील, दुसरी राहील, बोलावं लागणारच नाही. तू दुखणं ओळखलंस, उपाय लिहून पाठवलास, तरी बरं झालं नाही तर माणूस पाठवलास. सगळं केलंस, फक्त आला नाहीस.

रूपेश, मला राग आलाय. तू घाबरलास म्हणून नाही, मीही घाबरते. धक्का बसल्यापासून रोज संध्याकाळी आत दिवा लावून मी लगेच बाहेर येते. पण माझ्या बाजूला तुझी आई असते, ती घोरते, आणि मला तेवढ्याचा आधार वाटतो. तू तिकडे एकटाच घाबरतोस. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

होळीपर्यंत थांबायचं कारण नाही, माझं ठरलं आहे. मी वापीला येणार नाही. तिथे मी दिवसभर तुझी वाट बघत बसणार. इथे निदान लोक माझी वाट बघतात. आई तर येणारच नाही, तिला विचारूही नकोस. काल ठकीआजीचं झालं, आज सकाळपासून दुकानाबाहेर रांग आहे, आणि जेवायची सुट्टी घेऊन मी हे लिहितेय.

घरात झोपायचं नाही तर नको झोपूस. अंगणात तुझी जागा करू. अर्ध्या रात्री उठून जमिनीला हात लावावासा वाटला तर लाव, मला उठव, मीही लावते. सकाळी झिपरूभाऊच्या बसने जा, संध्याकाळी परत ये. पाड्यातलं कोणी हसलं तर त्याच्याशी तुझी आई बघून घेईल.

पण एकदाच सांगते. काहीतरी दुरुस्त करायला म्हणून येणार असशील, तर येऊ नकोस. तसा माणूस येऊन गेला. मला घाबरलेला नवरा चालेल. तो हवाय मला.

अजून तुझीच,
योगिता