गुडघ्याची चौकशी

बोदवड,
१४ जुलै २०२४

ती. स्व. नानांस,
रोहिणीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला महिना लागला, आधीच कान पकडते. खुशाली फोनवर विचारायची, पण लिहिण्याविषयी बोलायचं ते पत्रातच, हा तुमचा नियम. तेव्हा उशिराचा थोडा दोष तुमच्याही पदरात घाला. पावसाळ्यामुळे मेडिकलमध्ये गर्दी आहे. सर्दी-तापाची गिऱ्हाइकं ओसरली की मी काउंटरमागे बसून गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहिते. कुंदन सगळ्यांना सांगतो की आमच्या दुकानात औषधं कमी आणि पात्रं जास्त झालीत. पण ते पुठ्ठे क्रमाने आकडे घालून सांभाळून ठेवतो तोच.

नाना, कथा पूर्ण झाली! सात वेळा लिहिली. जळगावच्या निंबाभाऊंच्या दिवाळी अंकाला पाठवते आहे. विषय मात्र सांगणार नाही. कथा छापून येईपर्यंत विषय कुणाजवळ काढला की तिची वाफ जाते, हे तुम्हीच शिकवलंत. सातवीत असताना तुमची एक अख्खी कथा मी वहीत उतरवून काढली होती, चांगलं वाक्य हाताखालून जाताना कसं लागतं ते बघायला. काकूंनी ती वही तुम्हाला दाखवली आणि तुम्ही म्हणालात की पोरीचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आता मजकूरही बरा होऊ दे. तेवढ्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं काढली.

आता लहान तोंडी मोठा घास घेते. काकू गेल्याला चार वर्षं झाली आणि चार वर्षांत तुमची एकही कथा वाचायला मिळाली नाही. तुमचं काही चाललं आहे का? रागावणार असाल तर त्या निमित्ताने तरी लवकर पत्र येईल.

बाकी क्षेम. आजवर केलात तसाच लोभ करा, आणि अधूनमधून कानही धरा.

आपली,
रोहिणी

---

धुळे,
२४ जुलै २०२४

चि. रोहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. मोतीबिंदूपासून माझ्या या थोरल्या बहिणीला अक्षर लागत नाही, पण पत्र आलं की पदराने हात पुसून समोर येऊन बसते, आणि वाचून झालं की स्वतः घडी करून देवाच्या तसबिरीमागे ठेवते. तिचा गुडघा तसाच आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो.

सात वेळा लिहिलंस हे उत्तम. मात्र सातव्या खेपेला काय काढलंस ते कळवायला हवं होतं. काय घातलं ते कुणीही सांगतं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. श्रावण आला की अक्का, शेजारची रत्ना आणि लताबाई दुपारी ओसरीवर वाती वळायला बसतात. तीस वर्षं मी माझी प्रत्येक कथा त्यांना वाचून दाखवली. हात चालत असतात आणि कान मोकळे असतात. जिथे हात थांबतात तिथे मी समासात पेन्सिलीने टिंब करतो. जिथे हात भरभर चालायला लागतात, तो मजकूर संध्याकाळी कापतो. मोठमोठ्या समीक्षकांनी माझ्यावर लिहिलं, पण लताबाईच्या हातांइतकं खरं कुणी बोललं नाही.

आता तुझ्या मोठ्या घासाचं उत्तर. होय, एक कथा झाली. चार वर्षांत एक, म्हणजे आंब्याच्या झाडाला उशिरा आलेला एकच बार. तुझी काकू असती तर म्हणाली असती की कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का. तीही निंबाभाऊंकडेच जाते आहे. विषय मीही सांगत नाही. या खेपेला कथा अक्काला न वाचताच पाठवली, कारण तिला छापून आल्यावर चकित करायचं आहे.

कुंदनला आशीर्वाद. पुठ्ठे जपणारा नवरा मिळणं हे पुरस्कारापेक्षा दुर्मीळ आहे, त्याच्याशी भांडू नकोस. जमेल तशी लिहीत जा, आणि या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
नाना

---

बोदवड,
३ सप्टेंबर २०२४

ती. स्व. नानांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घेतली! निंबाभाऊंनी माझी कथा घेतली, आणि ती अंकाच्या सुरुवातीला लावणार आहेत. पत्र वाचताना समोर एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, मी तिला पोटदुखीचं दिलं. कुंदनने धावत जाऊन बदलून आणलं आणि मला दुपारपर्यंत काउंटरवर बसायची बंदी केली.

तुमच्या पत्रानंतर मी सगळी कथा मोठ्याने वाचून पाहिली होती. वाती वळणाऱ्या बायका माझ्याजवळ नाहीत, म्हणून दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजणाऱ्या मयुरीसमोर वाचली. तिचं मोजणं दोनदा चुकलं. एकदा माझ्या कथेमुळे आणि एकदा मोबाइल वाजला म्हणून. पहिल्या जागी मी टिंब केलं.

खरा आनंद वेगळाच आहे. एकाच अंकात तुमची कथा आणि माझी. माझं नाव कुठेही असलं तरी चालेल, तुमच्या नावाच्या शेजारी असलं की झालं. तुमची कोणत्या पानावर आहे ते कळवा. मी अंकाच्या दहा प्रती घेणार आहे.

आणखी काय लिहू? तुमचा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू द्या.

आपली,
रोहिणी

---

धुळे,
१२ सप्टेंबर २०२४

चि. रोहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अभिनंदन. पेढे वाटले. लताबाईने दोन घेतले आणि तिसरा पदराला बांधला.

माझी कथा अंकात नाही. जरा कच्ची वाटली म्हणून परत मागवली. त्यात विशेष काही नाही, तेव्हा दहा प्रतींचा बेत मोडू नकोस. अक्का बरी आहे. पाऊस उघडला की पुढच्या लेखनाला लाग. पहिल्या कथेच्या कौतुकात दुसरी राहून गेलेले लेखक मी पुष्कळ पाहिले.

प्रकृतीला जप. आमची आठवण आली की दोन ओळी खरडत जा.

तुझा,
नाना

---

बोदवड,
२० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. नानांस,
नमस्कार.

काल जळगावला जाऊन अंक आणला. निंबाभाऊ साधे गृहस्थ आहेत, त्यांच्या पोटात काही राहिलं नाही. तुम्ही आणि मी एकच गोष्ट लिहिली होती, हे मला त्यांच्या टेबलासमोर उभी असताना कळलं. सोनगीरची, आपल्या अक्काची. किल्ल्याखालच्या गल्लीत अक्का सून होऊन गेली, ती एकटीच शिकलेली. सुगंधाबाईचा मुलगा जीवराम सुरतेला गिरणीत गेला आणि वर्षभराने त्याची पत्रं बंद झाली, तेव्हा अक्का एकच जुनं निळं अंतर्देशीय पत्र हातात धरून दर आठवड्याला त्या म्हातारीला नवा मजकूर वाचून दाखवायची. लहानपणापासून आपण दोघांनीही ती गोष्ट तिच्याच तोंडून ऐकली. दोघांनी विषय लपवून ठेवला आणि दोघांनी तीच लिहिली. आपल्या नियमाने आपल्यालाच पाडलं.

निंबाभाऊंना एका अंकात दोन्ही घेता येईनात. ते माझी परत करणार होते, आणि ते योग्यच होतं. त्यांनी माझी प्रत तुम्हाला नुसती बघायला पाठवली, आणि आठ दिवसांनी तुमचा फोन गेला की परत करायची ती माझी करा, पोरीची ठेवा.

नाना, तुम्ही असं का केलंत? चार वर्षांतली एक कथा होती तुमची. मी पहिल्या पानावर माझं नाव पाहिलं आणि मला लाज वाटली. दहा प्रतींचा गठ्ठा तसाच बांधलेला आहे, कुंदनलाही सोडू दिला नाही. मला एवढंच हवंय की खरं सांगा. माझी कथा चांगली होती म्हणून ठेवलीत, की मी पुतणी म्हणून? दुसरं असेल तर मी यापुढे लिहिणार नाही. दान म्हणून मिळालेलं पान मला नको.

रागात आहे, पण लोभ गेलेला नाही. तो तुम्हीही सोडू नका.

रोहिणी

---

धुळे,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. रोहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलीस ते बरं झालं. दान घ्यायला लाजणारी माणसं आता कमी उरली आहेत. आता शांतपणे वाच.

निंबाभाऊंकडून तुझी प्रत आली त्या दिवशी पहिल्या पानावरच गोष्ट ओळखली. आधी वाटलं, पोरीने माझा घास घेतला. दोन दिवस ती टेबलावर उलटी ठेवली होती, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर गेलो आणि कुणाची कोणती ते न सांगता दोन्ही कथा वाचल्या. आधी माझी.

माझ्या कथेत हात एकदाही थांबले नाहीत. लताबाईने वातींचा एक जुडगा पुरा करून दुसऱ्याला हात घातला. रत्नाने मधेच विचारलं की उद्या नळाला पाणी आहे का. अक्का स्वतःचीच गोष्ट ऐकत होती, आणि वळत होती.

मग तुझी वाचली. माझ्या कथेत म्हातारी फसते आणि सुखाने मरते. तसंच आपण ऐकलं होतं. तुझ्या कथेत तिला पत्रावरचा हळदीचा डाग दिसतो. दर आठवड्याला तोच डाग, त्याच कोपऱ्यात. तिला सगळं कळलेलं असतं, तरी ती पुढच्या सोमवारी पुन्हा पायरीवर येऊन बसते. त्या डागाशी आलो आणि अक्काच्या तळहातावरची वात तशीच राहिली. पुढची तीन पानं तशीच होती. मी टिंब करायलाही विसरलो.

वाचून झाल्यावर अक्काने विचारलं, तुले कोनी सांगं हाई? मी म्हणालो, कुणी सांगितलं नाही, लिहिणाऱ्याने मनाने रचलं आहे. त्यावर ती म्हणाली की डाग नव्हता, कोपरा फाटलेला होता. मग साठ वर्षांत तिने कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. दर वेळी नवं काय वाचायचं म्हणून एकदा तिने जीवरामला पत्रात खोकला झाल्याचं वाचलं. सुगंधाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पायऱ्या उतरताना मात्र वळून म्हणाली, पोरी, पुढला पत्रमा त्याना खोकला बरा करी टाक.

रोहिणी, मी ती गोष्ट पन्नास वर्षं ऐकली आणि मला हे कळलं नाही. मी आपल्या बहिणीच्या हुशारीचं कौतुक करत बसलो, म्हातारीकडे पाहिलंच नाही. तू तिला डोळे दिलेस, आणि ते खरे निघाले. ज्याला हे जमतं तो लेखक, मग ती पुतणी असो की परकी. तुझी कथा वाचताना मला अभिमान वाटला आणि हेवाही वाटला. हेवा जास्त वाटला, हे खरं हवंय म्हणून लिहितो. आता तो गठ्ठा सोड.

आणखी एक खरं सांगून टाकतो. तीन वर्षं तुझी पत्रं मी अक्काला वाचून दाखवतो आहे. तू कथेविषयी लिहितेस, निंबाभाऊंविषयी लिहितेस, पण अक्काला एक ओळ कधी नसते. ती मात्र शेवटपर्यंत वाट पाहत बसते. म्हणून दर वेळी शेवटी मी पदरचं घालतो, की अक्काला साष्टांग नमस्कार, गुडघा कसा आहे ते कळवावे. ती घडी करते आणि तसबिरीमागे ठेवते. चार वर्षांत माझी एकही कथा वाचायला मिळाली नाही म्हणतेस, पण त्यातली तीन वर्षं ही एक ओळ मी न चुकता रचत होतो.

तुझं हे रागाचं पत्रही तिला वाचलं, बरंच सौम्य करून. शेवटी नेहमीची ओळ लावली. अक्काने पदराने हात पुन्हा पुसले. मग म्हणाली की पोरगी इतकी रागे भरेल शे, ती गुडघा कसाले इचारी? आणि पत्र माझ्या हातून घेऊन घडी करता करता मला नावाने हाक मारून म्हणाली, नवल, पुढला पत्रमा मना गुडघा बरा करी टाक रे, आते कंटाळा उना.

तीन वर्षं तिला ठाऊक होतं.

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. कालपासून दोन पानं लिहून झाली आहेत. विषय सांगत नाही.

दिवाळीला दोघं जपून फराळ करा. राग गेला असेल तर लोभ पाठव, नसेल तर दोन्ही एकाच पाकिटात पाठव.

तुझा,
नाना

---

बोदवड,
५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
रोहिणीचा साष्टांग नमस्कार.

नाना, हे पत्र अक्काचं आहे. तुम्ही फक्त वाचायचं. पदरचं काही घालायचं नाही, आणि गाळायचंही नाही.

अक्का, हे मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र. नानांना लिहिताना मी एका लेखकाला लिहिते आहे एवढंच डोक्यात असायचं. समोर पदराने हात पुसून आणखी कुणी बसलं आहे, हे कधी मनात आलं नाही. चुकले. आपल्या घरात लिहिणारी माणसं दोन आहेत असं मी समजत होते. पहिली तू होतीस, आणि तुझी एकही ओळ छापली गेली नाही.

गठ्ठा सोडला. पहिली प्रत तुला आणते आहे. रविवारी सकाळच्या गाडीने निघते. कथा मीच तुला वाचून दाखवीन, आणि श्रावण नसला तरी हातात वाती घेऊन बस. एक विचारायचं आहे. सुगंधाबाई गेली त्या आठवड्यात तू तिला काय वाचून दाखवलंस? सांगावंसं वाटलं तरच सांग. मी लिहून घेणार नाही, आणि नानांनाही घेऊ देणार नाही.

तुझा गुडघा पूर्ण बरा झाल्याचं समजलं. फार आनंद झाला. तरी येताना दुकानातून तेलाची बाटली आणते.

तुझी,
रोहिणी